भोकरदन म्हणजे नक्की कुठलं? असईच्या लढाईपासून नकाशाच्या कडेपर्यंत

मागच्या भागानंतर खूप जणांनी विचारलं की तू सॉफ्टवेअरवाला, मग सारखा इतिहासात काय घुसतोस. आज उत्तर देतो. आजचा विषय ऐकायला कंटाळवाणा आहे, हे आधीच सांगतो. मेटाडेटा. त्यातही भौगोलिक माहितीचा, म्हणजे नकाशांच्या फाइलींचा मेटाडेटा. पण इअरफोन काढू नका. सुरुवात आपल्या जालना जिल्ह्यातल्या एका लढाईपासून करतोय, आणि तिच्यात तोफा आहेत.

(हा भागाचा लिहून काढलेला मजकूर आहे. बोलताना अडखळलो ते काढलंय, विषय सोडून भरकटलो ते बहुतेक ठेवलंय.)

साल १८०३. महिना सप्टेंबर. इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली, तोच जो पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि ज्यानं वॉटर्लूला नेपोलियनला हरवलं, तो आपल्या भागात फिरतोय. समोर दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांची एकत्र फौज. वेलस्लीचा जोडीदार कर्नल स्टीव्हन्सन यानं २ सप्टेंबरला जालन्याचा किल्ला घेतलेला आहे. २१ सप्टेंबरला दोघं भेटतात. कुठं? बदनापूरला. हो, तेच बदनापूर, जिथं तुम्ही औरंगाबादला जाताना चहाला थांबता. तिथं ठरतं की दोघांनी दोन वेगळ्या वाटांनी निघायचं आणि २४ तारखेला भोकरदनला मराठ्यांच्या तळावर एकदम हल्ला करायचा. कारण हरकाऱ्यांनी, म्हणजे खबर आणणाऱ्या माणसांनी, सांगितलंय की फौज भोकरदनला आहे.

२३ तारखेला वेलस्ली पुढं येतो आणि त्याला कळतं की शत्रू लांब भोकरदनला नाही, अगदी समोर आहे. केळणा नदीपलीकडे, असई गावाच्या बाजूला. स्टीव्हन्सन अजून लांब. त्याची वाट बघायची की आहे त्या माणसांनिशी भिडायचं? वेलस्ली भिडला. प्रत्यक्ष लढाईत त्याचे साधारण साडेचार हजार. समोर शंभरावर तोफा, कवायती पायदळाच्या पलटणी आणि मोठं घोडदळ. इंग्रज जिंकले, पण मेलेले आणि जखमी मिळून त्यांची दीड हजारांवर माणसं गेली. साडेचार हजारांतली दीड हजार. आपल्या बाजूची नेमकी किती पडली, त्याचा असा एक आकडा सांगता येत नाही. जिंकणाऱ्याकडे याद्या असतात, हरणाऱ्याच्या याद्या पांगतात. स्टीव्हन्सन दुसऱ्या दिवशी पोचला.

आता मुद्दा. हरकारे खोटं बोलले होते का? नाही. नोव्हेंबर १८०३ मध्ये वेलस्लीनं थॉमस मन्रोला एक पत्र लिहिलं आणि त्यात हे स्पष्ट केलं. त्याचा सारांश असा: फौजेची उजवी बाजू खरंच भोकरदनला होती. ते त्या मुलखातलं मुख्य ठिकाण, म्हणून सगळ्या परगण्यालाच भोकरदन म्हणायचे. पण डावी बाजू, म्हणजे पायदळ, ज्याच्यावर वेलस्लीला हल्ला करायचा होता, ती असईजवळ होती. मध्ये सहा ते आठ मैल.

म्हणजे ‘भोकरदन’ हा शब्द बरोबरच होता. फक्त तो गावाचं नाव आहे की परगण्याचं, हे कुणी सांगितलं नाही आणि कुणी विचारलं नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर व्हॅल्यू बरोबर होती, पण टाइप दिलेला नव्हता.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा बसमध्ये होतो आणि मोठ्यानं हसलो. कारण त्याच आठवड्यात मी ऑफिसात एका तक्त्याशी भांडत होतो, ज्यात ‘जालना’ असं लिहिलेलं होतं आणि ते शहर, तालुका की जिल्हा ते लिहिलेलं नव्हतं. दोनशे वीस वर्षं झाली. गोंधळ तोच, फक्त घोडे गेले.

लढाईतली अजून एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. नदी ओलांडायची होती. वाटाड्यांनी सांगितलं की इथं उतार नाही. वेलस्लीला मात्र दिसलं की नदीच्या अलीकडे एक गाव आहे आणि बरोबर समोर पलीकडे दुसरं. त्यानं विचार केला की समोरासमोर दोन गावं वसली आहेत म्हणजे मध्ये ये-जा असणार, म्हणजे उतार असणार. तो होता. पुढं म्हातारपणी त्याला विचारलं की लढाईच्या कामात तुमच्या हातून सगळ्यात चांगलं काय झालं, तर तो वॉटर्लू नाही म्हणाला, असई म्हणाला. मला ही गोष्ट आवडते आणि खुपतेही. आवडते, कारण नकाशा नसताना माणूस जमीन वाचतो. खुपते, कारण नशीब प्रत्येक वेळी साथ देईल असं नसतं, आणि समोरासमोरच्या गावांमध्ये प्रत्येक वेळी उतार असतोच असंही नाही.

तेव्हा नकाशे नव्हते का? होते. जेम्स रेनेल नावाचा बंगालचा सर्व्हेअर जनरल होता. त्यानं १७८२ मध्ये हिंदुस्थानचा मोठा नकाशा काढला. पण मला त्याचा नकाशा जेवढा ग्रेट वाटत नाही तेवढं त्याच्यासोबतचं पुस्तक वाटतं. १७८३ मध्ये त्यानं त्या नकाशाचा ‘मेमॉयर’ छापला. त्यात तो सांगत बसतो की हे ठिकाण मी कुणाच्या मोजणीवरून मांडलं, ते कुठल्या फौजेच्या कूचाच्या अंतरावरून, अमुक अंतर कोसात मिळालं होतं मग त्याचे मैल कसे केले, आणि कुठं माझा स्वतःचाच विश्वास कमी आहे. नकाशा एक, आणि नकाशाबद्दलचं पुस्तक वेगळं. म्हणजे हा मेटाडेटाच झाला की. शब्द नव्हता, काम होतं.

लढाई झाली त्याच्या आदल्या वर्षी, १० एप्रिल १८०२ ला, मद्रासजवळ विल्यम लॅम्बटननं पायारेषा मोजायला घेतली. तिथून भारताची त्रिकोणमितीय पाहणी सुरू झाली. हा लॅम्बटन वेलस्लीच्याच ३३ व्या रेजिमेंटमधला, आणि त्याच्या कामाची शिफारस करणाऱ्यांत वेलस्ली होता. लॅम्बटन १८२३ मध्ये आपल्याकडेच, हिंगणघाटला वारला. त्याच्यानंतर जॉर्ज एव्हरेस्टनं काम पुढं नेलं. पृथ्वी नेमकी किती चपटी आहे याचं जे गणित त्यातून १८३० मध्ये निघालं, त्याला एव्हरेस्ट स्फेरॉइड म्हणतात. हे नाव लक्षात ठेवा, थोड्या वेळानं ते आमच्या मामांना त्रास देणार आहे.

या पाहणीतून पुढं टोपोशीट आल्या. भूगोलाच्या प्रॅक्टिकलला तुम्ही पाहिल्या असतील. सर्व्हे ऑफ इंडियाच्या शीटवर आपला जिल्हा गमतीशीर ठिकाणी येतो. २० अंश उत्तर अक्षांश आणि ७६ अंश पूर्व रेखांश जिथं छेदतात, तो बिंदू देऊळगाव राजाच्या अगदी जवळ, जालन्याच्या हद्दीला लागून. तिथं चार मोठ्या शीटचे कोपरे मिळतात: ४६ पी, ४७ एम, ५५ डी आणि ५६ ए. जालना शहर ४७ एम वर, भोकरदन ४६ पी वर, परतूर-मंठा ५६ ए वर. जिल्हा एक, पण त्याचा नकाशा हवा तर शीट जोडत बसायचं. आणि शेजारच्या दोन शीटची पाहणी एकाच वर्षी झालेली असेल असं नाही. एका शीटवरचा रस्ता दुसऱ्या शीटच्या काठावर येऊन गायब होतो, कारण दुसरी शीट केली तेव्हा तो रस्ताच नव्हता.

हे कळायचं कसं? शीटच्या कडेला लिहिलेलं असतं. पाहणीचं वर्ष, आवृत्ती, प्रमाण, समोच्च रेषांमधलं अंतर, खुणांचा अर्थ, चुंबकीय उत्तर किती कललेली आहे, कुठले जिल्हे येतात. नकाशाभोवतीचा तो पांढरा पट्टा. मी त्याला नकाशाचा पदर म्हणतो. पदरात काय बांधून दिलंय ते बघितल्याशिवाय नकाशा वापरायचा नाही, हे जुन्या माणसांना कुणी शिकवावं लागत नव्हतं, कारण पदर कागदाला चिकटलेला होता.

मग संगणक आला. आम्ही लोक आलो. शीट स्कॅन केली आणि पहिलं काम काय केलं, तर पदर कापून टाकला. का? चार शीट एकमेकींना जोडताना मध्ये पांढरा पट्टा येतो, वाईट दिसतं.

इथं आपल्या मामांची गोष्ट सांगतो.

माझं आजोळ भोकरदन तालुक्यात आहे. गावाचं नाव घेत नाही, कारण शेजारच्या गावाशी अजून थोडं बिनसलेलं आहे. काही वर्षांपूर्वी उन्हाळ्यात टँकर सुरू होते, मी घरून काम करत होतो आणि संध्याकाळी रिकामा होतो. गावातल्या पोरांनी ठरवलं की सगळ्या विहिरी, बोअर, बंधारे मोबाइलवर नोंदवायचे. आठ-दहा दिवसांत झालं. मग कुणीतरी कुठूनतरी तालुक्यातल्या जुन्या जलसंधारण कामांची एक शेपफाइल मिळवली. एका कार्यालयातून कुणीतरी कुणालातरी पेनड्राइव्हवर दिलेली. फाइलचं नाव होतं ‘फायनल_न्यू_२’. सोबत काहीही नाही. कुणी केली, कधी केली, कशावरून केली, काही नाही.

आम्ही ती फाइल आमच्या नोंदींवर टाकली. आमच्या शिवेजवळच्या नाल्यावर एक नालाबांध आहे. फाइलमध्ये तो आमच्या शिवेत नव्हताच. तो शिवेच्या पलीकडे, शेजारच्या गावात दिसत होता. आणि तेव्हाच त्या बांधाच्या दुरुस्तीचा, गाळ काढायचा प्रस्ताव गेलेला होता. तो परत आला. शेरा असा की सदर काम आपल्या गावाच्या हद्दीत दिसून येत नाही.

मामांना मी लॅपटॉपवर दाखवलं. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “आमच्या बापानं बहात्तरच्या दुष्काळात ह्या बांधावर माती टाकलीय. मी तेव्हा असेन आठ वर्षांचा, भाकरी घेऊन जायचो. आन् आता तुझं हे यंत्र म्हणतंय बांध त्यांचा?”

“मामा, यंत्र नाही म्हणत. फाइल म्हणतेय.”

“मंग फाइलीला विचार ना, तुला कुणी सांगितलं म्हणून.”

मी चार वर्षं इंजिनिअरिंग शिकलो, पण माझ्या विषयाची इतकी नेमकी व्याख्या मला कुठल्या सरांनी सांगितली नव्हती.

फाइलीला विचारता येत नव्हतं, कारण तिच्याकडे पदर नव्हता. तिसऱ्या दिवशी सुचलं की फक्त आमचा बांध नाही, सगळेच बिंदू सरकलेले दिसतात, आणि सगळे एकाच दिशेला. आग्नेयेला. साधारण सव्वाशे ते दीडशे मीटर. एक-दोन बिंदू चुकले तर माणूस चुकला म्हणायचं. सगळे एकाच दिशेला एकाच अंतरानं सरकले तर मोजपट्टीच वेगळी. तर झालं असं होतं की ती फाइल जुन्या टोपोशीटवरून काढलेली होती, एव्हरेस्ट स्फेरॉइडवर. आपल्या फोनचा जीपीएस चालतो डब्ल्यूजीएस ८४ वर. दोन्हीकडे अक्षांश-रेखांश असतात, दोन्ही आकडे दिसायला सारखेच. पण आपल्या भागात एकाच जागेच्या या दोन आकड्यांत शंभर मीटरच्या वर फरक पडतो. शेपफाइलसोबत .पीआरजे नावाची एक छोटी फाइल असते, तिच्यात कुठली मोजपट्टी वापरली ते लिहिलेलं असतं. ती पेनड्राइव्हवर घेताना राहून गेली असावी, किंवा कधी केलीच नसावी. नसली तरी शेपफाइल खुशाल उघडते, कुरकुर करत नाही.

बरं, ‘एव्हरेस्ट’ एवढं लिहूनही भागत नाही, हे मला नंतर कळलं. मूळ गणित फुटांमध्ये. त्या भारतीय फुटाचे मीटर करताना वेगवेगळ्या काळात वेगवेगळा गुणक घेतला गेला. त्यामुळे आज सॉफ्टवेअरच्या यादीत एव्हरेस्ट या एकाच नावाच्या अनेक व्याख्या दिसतात. पुन्हा भोकरदन! नाव एक, अर्थ चार.

दुसरा घोळ त्याहून वाईट होता. फाइलमध्ये एक रकाना होता, त्यात फक्त १, २, ३ असे आकडे. रकान्याचं नावही अर्धवट, कारण शेपफाइलच्या तक्त्यात नावाला दहाच अक्षरं बसतात. १ म्हणजे काय? आम्ही समजलो चांगला, मध्यम, वाईट. खूप शोधाशोध केल्यावर एक निवृत्त अनुरेखक काका भेटले. ट्रेसिंग पेपरवर नकाशे उतरवण्यात त्यांची नोकरी गेलेली. ते फोनवर हसले. म्हणाले, अहो, एक म्हणजे पूर्ण, दोन म्हणजे काम चालू, तीन म्हणजे प्रस्तावित. म्हणजे फाइलमधले निम्मेअधिक बांध जमिनीवर नव्हतेच, ते फक्त मनात होते. आणि ती माहिती होती एका माणसाच्या डोक्यात, ज्याचा नंबर आम्हाला नशिबानं मिळाला.

आता थोडं जगाकडे बघू, कारण हा त्रास फक्त आपला नाही. अमेरिकेत १९९० च्या दशकात हेच झालं होतं. एकेक सरकारी खातं एकच नदी स्वतंत्र पैसे खर्चून पुन्हा पुन्हा डिजिटाइज करत होतं, कारण दुसऱ्याकडे ती आहे हे माहीत नव्हतं, आणि माहीत असलं तरी भरवसा नव्हता. ११ एप्रिल १९९४ ला अध्यक्ष क्लिंटननं एक आदेश काढला, क्रमांक १२९०६. त्यात म्हटलं की नऊ महिन्यांनंतर प्रत्येक खात्यानं आपली नवी भौगोलिक माहिती ठरलेल्या मानकानुसार नोंदवायची. ते मानक त्याच वर्षी जूनमध्ये आलं. एफजीडीसी नावाच्या समितीचं. त्याचे सात मुख्य भाग: ओळख, दर्जा, माहितीची रचना, संदर्भप्रणाली, रकान्यांचे अर्थ, कुठं मिळेल, आणि ही नोंद कुणी कधी केली. आमच्या फाइलीचे दोन्ही घोळ यातल्या दोन भागांत बसतात. संदर्भप्रणाली म्हणजे एव्हरेस्टचा घोळ. रकान्यांचे अर्थ म्हणजे एक-दोन-तीनचा घोळ. १९९४ सालीच कुणीतरी आमच्या मामांसाठी रकाने आखून ठेवले होते.

पण त्या मानकात तीनशेच्या वर घटक होते. लोक वैतागले. मी सरकारी फॉर्म भरलेला माणूस आहे, मला त्यांचं दुःख समजतं. नोंद करणारा म्हणतो, मी नकाशा करू की त्याचं चरित्र लिहू? उलट टोकाला डब्लिन कोअर नावाचं मानक होतं, १९९५ चं. ते आयर्लंडच्या डब्लिनमधलं नाही, अमेरिकेत ओहायो राज्यात डब्लिन नावाचं गाव आहे तिथलं. (बघा, पुन्हा तेच. डब्लिन म्हणजे कुठलं?) त्यात फक्त पंधरा घटक. पुस्तकाला, फोटोला पुरतं. नकाशाला अपुरं पडतं, कारण एव्हरेस्ट लिहायला त्यात नीट जागाच नाही.

मग २००३ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक आलं, आयएसओ १९११५. तेही अवाढव्यच, पण त्यांनी एक शहाणपणा केला. त्यातून वीस-बावीस घटकांचा गाभा वेगळा काढला. शीर्षक, तारीख, कुणाची जबाबदारी, कुठला भूभाग, कुठली भाषा, थोडक्यात वर्णन, संदर्भप्रणाली, आणि ‘लिनिएज’. लिनिएज म्हणजे कुळी. ही माहिती कुठून जन्मली, कुणाच्या हातातून गेली, वाटेत तिच्यावर काय काय संस्कार झाले.

भारतात साल २००० मध्ये राष्ट्रीय भूस्थानिक माहितीच्या सोयीसाठी कृती दल नेमलं गेलं, इंग्रजीत एनएसडीआय. पुढच्या वर्षी त्याचा आराखडा आला, २००६ मध्ये सरकारी मान्यता. त्यांनी स्वतःचं मेटाडेटा मानक केलं आणि नंतरच्या आवृत्तीत ते आयएसओच्या जवळ आणलं. मधल्या काळात २००५ च्या नकाशा धोरणानं टोपोशीटच्या दोन मालिका केल्या. एक संरक्षण दलासाठी, एक सर्वांसाठी. सर्वांसाठीची मालिका डब्ल्यूजीएस ८४ वर. म्हणजे २००५ नंतर जुनी शीट आणि नवी शीट यांतच मोजपट्टीचा फरक आला. नवीन केलं ते चांगलंच केलं, पण आता ‘टोपोशीटवरून काढलं’ एवढं लिहिणं पुरत नाही. कुठल्या मालिकेच्या, ते लिहावं लागतं.

माझं प्रामाणिक मत सांगतो. मानक आपल्याकडे कागदावर बरंच चांगलं आलं. अडलं ते भरण्यात. कारण भरणाऱ्याला त्याचा फायदा त्या दिवशी होत नाही. फायदा होतो दहा वर्षांनी, दुसऱ्याच कुणाला तरी. पगार वाढत नाही, साहेब विचारत नाही. आमच्या कोडमध्ये कॉमेंट न लिहिण्याचं कारणही हेच. तेव्हा कुणाला नावं ठेवण्याआधी मी माझे २०१९ चे प्रोजेक्ट उघडून बघतो आणि गप्प बसतो.

पण आपल्या लोकांना ही कल्पना परकी आहे असं जे म्हणतात ते मला पटत नाही. सातबारा बघा. प्रत्येक नावाजवळ गोल काढून त्यात एक आकडा लिहिलेला असतो. तो फेरफार क्रमांक. गाव नमुना सहा उघडला की त्या क्रमांकाखाली सापडतं की हे नाव वारसानं लागलं, खरेदीनं की वाटणीनं, आणि कुठल्या तारखेला. दुसरं काय आहे ते? लिनिएजच आहे. माझी आजी शाळेत गेलेली नाही, पण ‘फेरफार काढून आण’ हे तिला कळतं. सातबाऱ्याचा फेरफार मागणारे आपण, नकाशाचा का नाही मागत?

आणि मराठवाड्यात तर जुन्या कागदाला हात लावणाऱ्या प्रत्येकाला तारखेचा धडा मिळालेला आहे. १९४८ पर्यंत आपण हैदराबाद संस्थानात. महसुलाचे कागद उर्दूत, साल फसली. समजा एखाद्या कागदावर फक्त १३४१ लिहिलंय. फसली धरलं तर ते इसवी १९३१-३२ होतं. हिजरी धरलं तर १९२२-२३. नऊ वर्षांचा फरक, आणि एका पिढीचा वारसा इकडचा तिकडे. २०२३ पासून निजामकाळातल्या नोंदींचा केवढा शोध चालू आहे आणि त्यावर किती माणसांचं काय काय अवलंबून आहे, ते अंतरवाली सराटीच्या जिल्ह्यात राहणाऱ्यांना मी सांगायला नको. त्या शोधात कागद सापडणं हे एक काम, आणि तो कुठल्या गावाचा, कुठल्या सालाचा, कुणी लिहिलेला हे ठरवणं हे दुसरं. आयएसओच्या मानकात तारीख लिहिताना तयार केल्याची, प्रसिद्ध केल्याची की सुधारल्याची हे सांगावं लागतं. आपल्याकडे त्याआधी ‘कुठलं पंचांग’ हा रकाना हवा.

जिल्ह्याचंच बघा. जालना जिल्हा झाला १ मे १९८१ ला. औरंगाबादचे जालना, अंबड, भोकरदन, जाफ्राबाद आणि परभणीतलं परतूर मिळून. त्या वर्षीची जनगणना त्याआधी, फेब्रुवारी-मार्चमध्ये होऊन गेली. म्हणजे १९८१ च्या गणनेवेळी जालना नावाचा जिल्हाच नव्हता. कुणी ‘औरंगाबाद जिल्हा, १९७१ ते १९९१’ असा आलेख काढला, तर मध्ये लोकसंख्या एकदम कोसळल्यासारखी दिसेल. रोग नाही, स्थलांतर नाही, फक्त रेघ बदलली. पुढं बदनापूर, घनसावंगी, मंठा तालुके झाले, आज एकूण आठ. जनगणनेत २००१ ला आपल्या जिल्ह्याचा क्रमांक राज्यात १८, आणि २०११ ला देशात ५१४. २०२३ मध्ये शेजारच्या जिल्ह्याचं नाव छत्रपती संभाजीनगर झालं. आता जुन्या फाइलमध्ये ‘औरंगाबाद’ दिसलं तर विचारायचं: १९८१ च्या आधीचं, की नंतरचं? आणि बिहारमधलं तर नाही ना? तिकडेही एक औरंगाबाद जिल्हा आहे.

असो. बांधाचं काय झालं ते राहिलं.

आम्ही सगळे बिंदू एव्हरेस्टवरून डब्ल्यूजीएसवर आणले. बांध सरकून आमच्या नाल्यावर आला. मग सगळ्यात अवघड भाग. आम्ही दुरुस्त केलेली फाइल तरी खरी कशावरून? शेजारच्या गावचे लोक म्हणाले, तुम्ही तर सोयीनं सरकवली. त्यांचंही चूक नव्हतं, मीही तेच म्हणालो असतो. मग दोन्ही गावांतली चार-चार माणसं घेऊन नाल्यावर गेलो, फोन हातात धरून. शेजारच्या गावाच्या हद्दीतले त्यांचे तीन बांधही नोंदवले. त्यांच्या फाइलमधले तीनही बिंदू तेवढेच आणि त्याच दिशेला सरकलेले निघाले. तेव्हा कुठं ते म्हणाले, हां, मग बरोबर आहे. जिंकलो म्हणून कुणी नाचलं नाही, ऊन फार होतं. शेजाऱ्यांनी ताक पाजलं.

त्या रात्री मी आयएसओच्या गाभ्यातले रकाने मराठीत लिहून काढले. मामा शेजारी बसून होते. मी विचारत गेलो, ते सांगत गेले, मी टाइप करत गेलो. आमच्या फाइलसोबत आज ते एक पान आहे. त्यात असं आहे:

शीर्षक: नाल्यावरील बांध व विहिरी, दोन गावे. भूभाग: भोकरदन तालुका, जालना जिल्हा, २०११ च्या जनगणनेनुसार क्रमांक ५१४. इथं ‘भोकरदन’ म्हणजे तालुका, शहर नव्हे. संदर्भप्रणाली: डब्ल्यूजीएस ८४. अचूकता: मोबाइलचा जीपीएस, पाच ते दहा मीटर इकडेतिकडे. स्थिती या रकान्यात १ म्हणजे पूर्ण, २ म्हणजे काम चालू, ३ म्हणजे प्रस्तावित, आणि ही माहिती एका निवृत्त अनुरेखकांनी फोनवर दिली. कुळी: जुने बिंदू टोपोशीटवरून, कुठल्या आवृत्तीच्या ते मूळ फाइलमध्ये नोंदवलेले नाही, नवे बिंदू दोन्ही गावांच्या लोकांसमक्ष घेतले. पुढची दुरुस्ती कुणी करायची: ग्रामपंचायतीत सांगून, जुनं न पुसता, खाली नवी ओळ लिहून.

मामांनी वाचायला सांगितलं, मी वाचलं. ते म्हणाले, एक राहिलं. मी विचारलं काय. म्हणाले, “बांध कुणी बांधला ते लिही.” तसा रकाना मानकात नाही, म्हणून मी तो ‘वर्णन’ मध्ये घातला. १९७२ च्या दुष्काळात, दोन्ही गावांच्या मजुरांनी.

प्रस्ताव पुन्हा पाठवला, या पानासकट. पुढच्या उन्हाळ्यात गाळ निघाला.

तर मंडळी, आजचा भाग एवढाच. तुमच्या गावाच्या नावाचं दुसरं गाव तालुक्यात असेल आणि त्यावरून काही किस्सा झाला असेल, तर व्हॉइस नोट पाठवा. मात्र सुरुवातीला तालुका आणि जिल्हा सांगा.